फळ्यावर न लिहिलेली गोष्ट

कल्पना करा बरं... एक स्वयंपाकघर आहे आणि फळीवर एकच डबा रिकामा आहे. आईने झाकण उघडून पाहिलं, डबा रिकामा दिसला, म्हणून ती चहापत्तीचा पुडा आणायला वळली. तेवढ्यात मागून आजी आली. तिनेही झाकण उघडलं. तिलाही डबा रिकामाच दिसला! ती तिखट आणायला गेली. दोघींनी नीट पाहिलं होतं, दोघींपैकी कुणाचंच काही चुकलं नव्हतं. आणि तरीही त्या संध्याकाळी पाहुण्यांना जो चहा मिळाला, त्याची गोष्ट त्यांच्या नातवंडांनाही सांगितली गेली असेल.

पाहणं आणि ठेवणं, या दोन्हींच्या मध्ये एक फट असते. पापणी लवेल एवढीच. आपली गोष्ट त्या फटीतूनच सुरू होते.

शनिवारची दुपार होती. श्रावण अर्धा सरला होता. पाऊस यायचा, पाच मिनिटं भिजवायचा आणि मागे चटका देणारं ऊन ठेवून जायचा. धरमपेठेत शोभाताईंचं लॅपटॉपच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथे गुंजन उभी होती. तिचा लॅपटॉप सात वर्षांचा, आणि त्याचा चार्जर सकाळीच धूर सोडून निवर्तला होता.

"नशीबवान आहेस वं," शोभाताईंनी खोकं काउंटरवर ठेवलं. "या मॉडेलचा हा शेवटचा."

गुंजनने खोकं उचललं, आणि आतल्या खोलीतून शोभाताईंचे यजमान, भैयाजी, धावतच बाहेर आले.

"अगं, तो देऊ नको! मी सकाळीच एका पोराले फोनवर हाव म्हटलं!"

तो पोरगा त्यांच्या मागेच उभा होता. उंच, हेल्मेट काखेत, एक खांदा भिजलेला आणि एक कोरडा. नाव भूपेश.

"मी सात वाजता बोललो होतो," तो म्हणाला.

"बोलणं हवेत असतं," गुंजनने खोकं छातीशी धरलं. "चार्जर हातात आहे."

"म्हणजे कन्हानहून इथवर मी हवा खायलाच आलो म्हणा!"

भैयाजी शोभाताईंकडे पाहत होते, शोभाताई भैयाजींकडे. दोघांनीही फळीवर एक खोकं पाहिलं होतं आणि दोघांनीही ते देऊन टाकलं होतं. "दुसरा येईल दहा दिवसांत," भैयाजी पुटपुटले.

गुंजनला हसू आलं. असाच कुठलातरी घोळ ती गेले तीन महिने एका मशीनच्या पोटात शोधत होती.

"तासभर लावा तुमचा," तिने खोकं पुढे केलं. "इथेच बसून. मग माझा."

ती दोघं दुकानाच्या बाकावर बसली, मध्ये एक वायर. तासाभरात भूपेशने विचारलं की मांडीवरच्या कागदांत ती काय वाचते आहे. ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळणार." तो म्हणाला, "थोडं थोडं कळतं." आणि हसला. हसताना त्याचा एकच गाल खळीत जायचा, दुसरा आपला शहाण्यासारखा जागेवर. गुंजनने ते पाहिलं आणि पटकन स्क्रीनकडे नजर वळवली... स्क्रीन बंद होती.

सोमवारी ती ऑफिसात पोचली, तर तोच एक गाल तिच्या शेजारच्या टेबलावर!

"नवीन नोकरी," भूपेश उठून उभा राहिला. "चार्जर आणला ना?"

ऑफिस म्हणजे मनीषनगरातल्या एका घराचा वरचा मजला. तिथे एक छोटी कंपनी एक छोटं मशीन बनवत होती. गावोगावी नेऊन रक्ताच्या एका थेंबावरून सिकलसेलचा आजार तपासायचा. मशीन चालवणारी जी मूळ प्रणाली, तिच्यातला मेमरी सांभाळणारा भाग गुंजनचा होता. दोन वर्षं तिने तो एकटीने लिहिला होता. आणि मशीन दोन-तीन दिवसांतून एकदा, कारण न सांगता, गप्प होत होतं.

कंपनीचे मालक रविंद्र सर ओरडणारे नव्हते. त्यामुळे ते हळू बोलले की जास्त लागायचं.

"गुंजन, पुढच्या शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत मले सलग अठ्ठेचाळीस तास चाललेलं मशीन दाखव. नाही जमलं, त तुझा भाग काढून बाहेरचा तयार बसवू. तू मग वापराची पुस्तिका लिहून दे."

"दाखवते सर," गुंजन म्हणाली. आवाज स्थिर होता. टेबलाखाली बोटं मात्र ओढणीचं टोक पिळत होती.

भूपेशला काम समजावून द्यायचं होतं, म्हणून ती फळ्यापाशी गेली. मार्कर सापडेना. तो तिच्या केसात खोचलेला होता. त्याने नुसतं बोट दाखवलं.

"मेमरी म्हणजे सारख्या मापाची हजारो पानं समजा," ती लिहू लागली. "कोणतं पान कोणत्या कामाकडे आहे, ते नकाशात. कोणती पानं रिकामी, ते यादीत. आणि एका पानावर किती जण काम करून राहिले, तो आकडा त्या पानासोबत. आकडा शून्य झाला की पान यादीत परत."

"काम करणारे किती?"

"दोन प्रोसेसर. एकाच वेळी."

"म्हणजे दोन सुना आणि एक स्वयंपाकघर."

"तुमच्या घरी आहेत का दोन सुना?" तिने सहज विचारलं. निदान तिला तरी ते सहज वाटलं.

"मी एकुलता एक," भूपेश फळ्याकडे पाहत म्हणाला. "सुनेची जागा सध्या... यादीत रिकामी दाखवते आहे."

मार्कर तिच्या हातून पडला. मार्कर पडतातच, त्यात काही विशेष नसतं. पण उचलायला दोघंही एकदम वाकली आणि डोक्यावर डोकं आपटलं, ते जरा विशेष होतं.

मग दिवस कसे गेले कळलं नाही. बिघाड मोठा लबाड होता. कुठे काय घडतं हे दिसावं म्हणून गुंजन मध्ये मध्ये "इथवर आले" असं छापण्याच्या ओळी घालायची, आणि मशीन शहाण्यासारखं वागू लागायचं. ओळी काढल्या की पुन्हा गप्प.

"पाव्हणे आले की पोरं कशी पाढे म्हणतात, तसं आहे हे," भूपेश म्हणाला.

"तसं नाही गा. छापण्यात एक क्षण जातो ना, तेवढ्यात दोघांची चुकामूक होते." म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण त्याला घरच्यासारखं 'गा' म्हटलं! त्याच्याही लक्षात आलं. त्याने फक्त चहा आणताना दोन आणले.

चार्जर दुपारपर्यंत तिचा, नंतर त्याचा. देताना रोज थोडं भांडण. पुढे दुसरा चार्जर आल्याचा शोभाताईंचा फोन दोघांनाही आला. दोघांनीही तो घ्यायला जायचं टाळलं आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. पण शोभाताईंनी तिसरा फोन थेट ऑफिसच्या नंबरवर केला, तेव्हा उघडं पडलं! गुंजन लाल झाली, भूपेशला खोकला लागला, आणि खोकं त्यानंतरही धरमपेठेतच राहिलं.

रविवारी सकाळी गुंजन घरी कपडे वाळत घालत होती. हातात ओला टॉवेल, आणि एकदम तिला दिसलं. टॉवेल तिथेच टाकून ती आत धावली.

आकडा शून्य झाला का, हे ती एका ओळीत पाहत होती. पान यादीत टाकत होती चार ओळींनंतर. त्या चार ओळींच्या फटीत दुसरा प्रोसेसर नकाशातून त्याच पानाशी यायचा, आकडा पुन्हा एक करायचा आणि कामाला बसायचा. पहिल्याला पत्ताच नाही! तो ते पान रिकामं समजून तिसऱ्याच कामाला देऊन टाकायचा. चहापत्तीत तिखट!

उपाय सोपा होता. एक जण हात लावत असेल तेव्हा दुसऱ्याने थांबावं, म्हणून प्रोग्राममध्ये कुलपं असतात. यादीला एक, नकाशाला एक. पान परत करणारा तिचा भाग यादीचं कुलूप लावतच होता. आता तो त्यानंतर नकाशाचंही लावील. तिने बदल लिहिला, तीनदा वाचला आणि कंपनीच्या सामायिक साठ्यात टाकला.

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. रविंद्र सरांचा एकच कडक नियम होता: कशालाही हात लावण्याआधी फळ्यावर लिहायचं, सुट्टी असेल तर ऑफिसच्या ग्रुपवर कळवायचं. पण कळवलं असतं, तर भूपेशला आजच समजलं असतं. तिला उद्या त्याचा चेहरा पाहायचा होता.

आणि तिकडे कन्हानला, त्याच सकाळी...

सोमवारी दहा वाजता मशीन सुरू झालं. दहा वाजून अकरा मिनिटांनी ते थांबलं. पूर्वी दोन-तीन दिवस तरी चालायचं!

"मी... काल एक छोटा बदल केला होता," भूपेशचा चेहरा उतरला.

गुंजनने मान वर केली. "मी पण."

दोघांनी हात लावलेल्या फायली निराळ्या, म्हणून साठ्याने दोन्ही बदल मुकाट्याने एकत्र केले होते. दोघांनी ते शेजारी शेजारी उघडले. पान शोधून देणारा जो भाग आधीच नकाशाचं कुलूप लावायचा, त्यात भूपेशने नंतर यादीचं कुलूप घातलं होतं. तोही उपाय बरोबर होता. एकटा असता तर मशीन सुरळीत चाललं असतं. एकटा तिचा असता तरीही चाललं असतं. पण आता एक जण यादी धरून नकाशासाठी थांबला होता, दुसरा नकाशा धरून यादीसाठी. तू सोड, तू सोड... आणि दोघंही जन्मभर उभे.

"तुले माझी चूक दिसली कधी?" गुंजनने विचारलं.

"शुक्रवारी."

"आज सोमवार आहे, भूपेश."

"सरांसमोर तुझं नाव नको यायला म्हणून... म्हटलं, गुपचूप नीट करून टाकू. तुले कळणारही नाही."

"मले कळणार नाही!" ती त्याच्याकडे वळली. "माझ्या दोन वर्षांच्या कामातली चूक, आणि मलेच कळू द्यायची नाही? मी काय काच आहे का? चूक दिसली त तोंडावर सांग. लपवून केलेली मदत मले नको."

"आणि तू काहून नाही लिहिलं फळ्यावर?"

गुंजनने दोन्ही फायली फटकन बंद केल्या.

रविंद्र सर दारात उभे होते. "बाहेरच्यांना फोन करू मग?"

"नाही सर," गुंजन उठली. "बुधवारी अकराला मी सुरू करते. शुक्रवारी अकराला तुम्ही या."

त्या संध्याकाळी ती घरी आली ती पायरीवरच बसली. घरात भाऊ-वहिनी, त्यांची नऊ वर्षांची रोशनी, आणि आई-वडील: मैनाबाई आणि बाबनराव. उमरेडला त्यांचा हातमाग होता. माग गेला, पण बाबनरावांची बोटं अजून बसल्या बसल्या सूत चाचपतात.

"आत्या, तुझी मशीन मेली का?" रोशनीने विचारलं.

"मेली नाही गं. दोघं जण एकमेकांसाठी अडून बसले तिच्यात." आणि तिने रोशनीला सगळं समजावलं.

बाबनराव ऐकत होते. "हे त आमच्या मागावर रोजचंच होतं," ते म्हणाले. "करवत काठी साडीले सूत ओढून नेणारे तीन धोटे लागतात, पोरी. दोन काठांचे, एक मधला. काठाचे तुझ्या मायकडे, मधला माझ्याकडे. सुरुवातीले दोघंही एकदमच हात घालाचो. सूत तुटे."

"अन् तुटलं की माझ्यावर डाफरे," मैनाबाई आतून म्हणाल्या.

"मंग ठरवलं. आधी काठ, मंग मधला. कोणी घाईत असो, कोणी रागात असो."

"रागात म्हणजे!" मैनाबाई दारात आल्या. "एकदा मी आठ दिवस बोलत नव्हती यांच्याशी. साडी मात्र पूर्ण झाली. रुसवा आपल्या जागी वं, धोटा आपल्या जागी."

गुंजन उठून उभी राहिली. क्रम! दोघांनी थांबायचं नाही, दोघांनी क्रम पाळायचा. आणि दुसरी गोष्ट, जी तिला पहिलीपेक्षा जड गेली: साडीसाठी दोघांना मागावर बसावंच लागतं.

मंगळवारी ती सरळ भूपेशच्या टेबलापाशी गेली.

"खुर्ची ओढ. माझा राग आहेच. तो राहू दे बाजूला."

"कधीपर्यंत आहे?" त्याने हळूच विचारलं.

"शुक्रवार अकरापर्यंत तरी. आधी दोघांचेही बदल काढू. मग एकच लिहू. मी लिहिते, तू प्रत्येक ओळीला खोट काढ. खरी खोट. गोड बोललास त उठून जाईन."

तिने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आधी नकाशा, मग यादी. कोणीही असो, कधीही असो.

मग दोघांनी तो भाग पहिल्या ओळीपासून वाचून काढला. कुलूप लावणारी एकतीस ठिकाणं सापडली. एकोणतिसाव्या ठिकाणी भूपेशने बोट ठेवलं. "इथे उलटं आहे. हे जुनं, क्वचितच चालणारं. तुझंच."

तो थांबला. ती काय म्हणते ते पाहत राहिला.

"शाब्बास," गुंजन म्हणाली आणि ते सुलटं केलं. त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

बुधवारी अकराला मशीन सुरू झालं. छापण्याच्या ओळी नाहीत, लाड नाहीत. हिरवा ठिपका आणि खाली धावणारे तास. बुधवार गेला. गुरुवारी पोळा होता. बाहेर बैल सजून गेले आणि आत ठिपका हिरवाच राहिला.

शुक्रवारी तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा सण, शाळेला सुट्टी. दुपारी मिरवणुकीला जायचं, घरोघरी नंदीचा बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागायचे, म्हणून रोशनी झूल घातलेला लाकडी नंदी दोरीने ओढत आत्याबरोबर ऑफिसात आली. तिथे भूपेश सोडून बाकी कोणी नव्हतं. सर समोसे आणायला गेले होते. "पास झालं त आनंदाचे, नाही झालं त सांत्वनाचे," असं सांगून.

सत्तेचाळीस तास एकोणसाठ मिनिटं. तिघंही श्वास धरून उभी होती. गुंजनचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर. नंदीसुद्धा हलत नव्हता.

अठ्ठेचाळीस.

ठिपका हिरवा होता! "सरांना सांगते!" रोशनी किंचाळली आणि नंदीसकट जिन्याकडे पळाली. नंदीची चाकं खडखडत गेली, आणि खोलीत एकदम फार शांत झालं.

"मले—" गुंजन म्हणाली.

"मले—" भूपेश म्हणाला.

"तू बोल."

"नाही, तू बोल आधी."

"तू काही म्हणत होतास ना..."

"ते नंतर. तू..."

दोघंही थांबली. दोघंही वाट पाहू लागली. खिडकीबाहेर पाच मिनिटांचा पाऊस येऊन निम्मा संपलासुद्धा.

"भूपेश," गुंजन म्हणाली, "हे परत तसंच होऊन राहिलं."

"हाव. क्रम ठरवावा लागेल."

"जो लहान, तो आधी. तुझा जन्म?"

"मार्चचा."

"माझा जुलैचा. साल एकच." तिने एक श्वास घेतला. पळून जायला दार होतं, पण तिचे पाय जमिनीला घट्ट होते. "मग ऐक. त्या रविवारी मी ग्रुपवर काहून नाही कळवलं, विचारलं होतंस ना? मले सोमवारी तुझा चेहरा पाहायचा होता. उपाय सापडला हे ऐकून तू कसा हसतोस, ते. एवढ्यासाठी मी माझी दोन वर्षं पणाला लावली. मशीन आज बंद पडलं असतं, तरी हे मी बोललेच असते. मले तू आवडतोस. अट एकच. माझी चूक दिसली, की त्याच दिवशी सांगायची."

भूपेशने फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागच्या शुक्रवारी मी सांगायलाच आलो होतो. तू फळ्यासमोर उभी होतीस. मार्कर केसात, आणि सगळीकडे मार्करच शोधून राहिली होतीस... म्हटलं, आता चूक सांगितली अन् ही बोलेनाशी झाली, तर? मशीनचं काय व्हायचं ते होईल, माझं काय होईल?" त्याने हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं. "तेव्हापासून भीती वाटून राहिली मले. तू... बम आवडतेस गुंजन."

"अन् अट?"

"मंजूर. आत्तापासूनच. तुझ्या नाकाले शाई लागली आहे."

ती हसली, पुसायला हात वर नेला, आणि तो हात त्याने मध्येच धरला. तिने सोडवून घेतला नाही.

जिन्यावर पावलं वाजली. समोशांची पिशवी घेऊन रविंद्र सर वर येत होते, त्यांच्यापुढे रोशनी. ती एक पायरी आधी पोचली. तिने दारातून आत पाहिलं. आत्याचा हात पाहिला, हात धरणारा पाहिला, आणि नऊ वर्षांच्या डोक्यात जेवढा विचार मावतो तेवढा सगळा एका क्षणात केला.

मग तिने दार हळूच ओढून घेतलं, टाचा उंचावून बाहेरून कडी लावली आणि नंदी उंबऱ्यात आडवा उभा केला.

"थांबा सर," ती म्हणाली. "आत दोघांचं काम चालू आहे. ते झाल्यावरच तिसऱ्याने जायचं, नाहीतर घोळ होतो." आणि तिने हात पुढे पसरला. "तोवर माझ्या नंदीचा बोजारा द्या. समोसा चालेल."